वजन उतरवणाऱ्यांचा डबा: भुकेच्या बाजूने केलेली पारख

कोथरूड, कर्वेनगर आणि एरंडवणे या भागांत घरपोच मिळणारा, वजन उतरवणाऱ्यांसाठीचा हा डबा आमच्या घरी गेल्या वर्षीपासून चालू आहे. आमचे दादा, म्हणजे माझे थोरले बंधू, यांना मधुमेह आहे. डॉक्टरांनी त्यांना वजन कमी करायला सांगितले आणि त्यांच्यासाठी सुरू केलेला डबा पुढे मीही घेऊ लागले. परिचारिका अभ्यासक्रमाच्या विद्यार्थिनींना मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, त्यामुळे चव, किंमत आणि स्वच्छता यांच्याबरोबरच हा डबा भुकेचे नेमके काय करतो, हे मी पहिल्यापासून लक्ष देऊन पाहत आले आहे. डबा घ्यावा की नाही असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर असे की जरूर घ्यावा, मात्र काही गोष्टी चालकांशी आधी बोलून घ्याव्यात.

वजन कमी करून देण्याचा दावा करणारे डबे पुण्यात पुष्कळ आहेत. पहिल्या दोन महिन्यांत वजन उतरवून दाखवणे त्यांतल्या बहुतेकांना जमते, कारण रोजच्यापेक्षा कमी कॅलरी पोटात गेल्या की काटा खाली येतोच. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. वजन उतरू लागले की मेंदू खाण्याची ओढ वाढवतो, ती ओढ किलोगणिक चढत जाते, आणि डबा चालू राहणार की बंद पडणार याचा निकाल तिच्यावर लागतो. म्हणून या डब्याला मी एकच कसोटी लावली: वाढत जाणाऱ्या भुकेसमोर तो कितपत टिकतो?

आधी डब्यात काय असते ते सांगते. साडेबाराच्या सुमारास स्टीलचा चार पुडांचा डबा येतो. एका पुडात मोड आलेल्या कडधान्याची उसळ, दुसऱ्यात पालेभाजी किंवा फळभाजी आणि तिच्यात किंवा तिच्या कडेला पनीरचे तुकडे, तिसऱ्यात कोशिंबीर आणि विरजलेले घट्ट दही, चौथ्यात मलमलच्या फडक्यात गुंडाळलेली ज्वारीची किंवा बाजरीची एक मध्यम भाकरी. सोबत छोट्या बाटलीत ताक किंवा टोमॅटोचे सार. अंडी खाणाऱ्यांना पनीरऐवजी अंडी मिळतात. मटकीची उसळ मला विशेष आवडली. दाणा शिजलेला असतो पण फुटलेला नसतो, त्यामुळे तो चावावाच लागतो. रसावर तेलाचा तवंग नसतो, पण मोहरी नीट तडतडलेली असते, गोड्या मसाल्याचा वास झाकण उघडताच येतो आणि वर चिमूटभर ओले खोबरे असते. भाकरीचा पापुद्रा सुटलेला असतो आणि पुण्याच्या वाहतुकीतून आल्यावरही ती वातड झालेली नसते, याचे श्रेय त्या फडक्याला द्यायला हवे.

दुपारच्या डब्यात सुमारे ५०० कॅलरी आणि २५ ग्रॅम प्रथिने असतात, असे त्यांच्या पत्रकात लिहिले आहे. सुकी मटकी ४० ग्रॅम धरली तर तिच्यात साधारण ९ ग्रॅम प्रथिने मिळतात. पनीर, दही आणि भाकरी यांची भर घातली की आकडा पंचविशीच्या आसपास पोहोचतो, म्हणजे दावा पटण्यासारखा आहे. एका डब्याला २१० रुपये पडतात आणि दोन्ही वेळचा घेतल्यास ३९०. रविवारी सुट्टी असते. ही किंमत साध्या खानावळीच्या डब्याच्या मानाने बरीच जास्त आहे. पण इतके पनीर, दही आणि कडधान्य रोज घरी आणून शिजवायचे म्हटले तर खर्चात आणि विशेषतः वेळात फार मोठा फरक राहत नाही.

आता कसोटीकडे वळते. दादांचे वजन ९२ किलोवरून ८४ वर उतरले तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला, पण त्याच सुमारास त्यांच्यात एक बदल दिसू लागला. जन्मात कधी स्वयंपाकघरात न डोकावणारा हा माणूस संध्याकाळी फोनवर मिसळीचे, पुरणपोळीचे, खेकड्याच्या रश्श्याचे व्हिडिओ पाहत बसू लागला. जेवण झाल्यावर तासाभरात ‘काही आहे का गं?’ असा प्रश्न येऊ लागला. डबा तोच होता, भाकरी तेवढीच होती, आणि सुरुवातीच्या महिन्यांत त्याच डब्याने त्यांचे पोट व्यवस्थित भरत होते. वहिनींना वाटले की उत्साह ओसरला. मला मात्र हे चित्र ओळखीचे वाटले, कारण शरीरक्रियाशास्त्राच्या अभ्यासात त्याची एक फार प्रसिद्ध नोंद आहे.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर अर्धपोटी राहण्याचा प्रयोग केला. युद्धात शस्त्र घेण्यास नकार दिलेले हे तरुण युद्धग्रस्तांच्या मदतीला उपयोग व्हावा म्हणून स्वेच्छेने त्यात सहभागी झाले होते. २४ आठवड्यांत त्यांचे वजन जवळजवळ चतुर्थांशाने उतरले. त्या काळात त्यांच्यापैकी अनेकजण पाककृतींची पुस्तके वाचू लागले, ती जमवू लागले, ताटे चाटू लागले. बोलणे, स्वप्ने, भविष्याचे बेत, सगळे अन्नाभोवती फिरू लागले. पुढे पोटभर खायला मिळाल्यावरही कित्येकांची भूक बराच काळ शमली नाही. त्यांनी स्वतःहून घेतलेले व्रत ते निष्ठेने पाळत होते, त्यामुळे त्यांच्या निर्धारावर शंका घेण्याला जागाच नाही. बदल मेंदूत झाला होता.

तो कसा होतो, हे पुढच्या काळात उलगडले. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात; रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये त्याचे जनुक शोधून काढले. शरीरात चरबीचा साठा किती आहे, याची खबर लेप्टिनमार्फत मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला मिळते. तिथे शेजारी शेजारी दोन प्रकारच्या चेतापेशी असतात. एजीआरपी नावाच्या पेशी खाण्याकडे ढकलतात आणि पीओएमसी नावाच्या पेशी खाणे आवरतात. चरबी घटली की लेप्टिन घटते, पहिल्या पेशींवरचा लगाम सुटतो आणि दुसऱ्यांचा आवाज क्षीण होतो. कमी खाण्याच्या दिवसांत तर लेप्टिन चरबीच्या प्रमाणापेक्षाही अधिक वेगाने खाली येते. माणूस ९२ वरून ८४ वर आला म्हणजे तो निरोगी होत आहे, हे हायपोथॅलॅमसला समजत नाही. त्याच्या लेखी साठा संपत चालला आहे आणि तो भरून काढायला हवा.

या ढकलण्याचे मापही काढलेले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारे औषध घेणाऱ्या मधुमेही रुग्णांच्या वजनाच्या नोंदी तपासल्या. या रुग्णांच्या रोजच्या कॅलरी त्यांच्या नकळत कमी होत होत्या, त्यामुळे भूक कशी बदलते हे त्यांच्या वजनाच्या आलेखावरून काढता आले. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे रोजची भूक सुमारे १०० कॅलरींनी वाढते, असा निष्कर्ष निघाला. शरीराचा खर्च मात्र किलोमागे साधारण २० ते ३० कॅलरींनीच कमी होतो. हे आकडे सरासरीचे आहेत, तरी दादांच्या ८ किलोंना ते लावून पाहावेत. रोज सुमारे ८०० कॅलरी अधिक खाण्याची ओढ निर्माण झाली, म्हणजे एका डब्याहून कितीतरी जास्त! ‘चयापचय मंदावला म्हणून वजन अडले’ असे सगळीकडे सांगितले जाते. त्यात तथ्य आहेच, पण मोठा वाटा भुकेचा आहे आणि त्याच्याबद्दल फारच कमी बोलले जाते.

हे थोड्या दिवसांत निवळते, अशी समजूतही खरी नाही. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे प्रिया सुमित्रन आणि जोसेफ प्रोयेट्टो यांच्या गटाने ५० जणांना दहा आठवडे अत्यल्प कॅलरींचा आहार दिला आणि वर्षभराने त्यांची पुन्हा तपासणी केली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लेप्टिन, घ्रेलिन (भूक जागवणारे संप्रेरक) आणि आतड्यांतून तृप्तीचा निरोप देणारी संप्रेरके यांत झालेले बदल वर्षानंतरही पूर्ववत झालेले नव्हते आणि भूकही आधीपेक्षा जास्तच राहिली होती. वजन उतरवणाऱ्याला आधार द्यायचा तर तो महिना-दोन महिन्यांपुरता देऊन भागणार नाही, हे यावरून स्पष्ट होते, आणि कोणत्याही डब्याचा विचार याच मोठ्या मुदतीने करायला हवा.

या कसोटीवर डब्याची सर्वांत भक्कम बाजू म्हणजे त्यातली उसळ, पनीर आणि दही. प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेले राहते, आणि वजन उतरताना स्नायू टिकवायलाही ती लागतात. आपल्याकडच्या ‘डाएट’मध्ये भात बंद, पोळी अर्धी आणि बाकी काकडी-टोमॅटो असा प्रकार चालतो, त्यात कॅलरी कमी होतात पण प्रथिनेही कमी होतात, आणि चार वाजता माणूस फरसाणाच्या डब्याशी उभा असतो. या डब्यात तसे होत नाही. कडधान्याचा आणि भाजीचा चोथा, कोशिंबिरीतले पाणी, चावून खावी लागणारी भाकरी, यांमुळे तेवढ्याच कॅलरींत ताट भरलेले दिसते आणि जेवायला वीस मिनिटे लागतात. आतड्यातून निघणारा तृप्तीचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, म्हणून सावकाश जेवावे लागणे हा इथे गुणच आहे.

आम्ही यापूर्वी आणखी एका ठिकाणचा डबा घेत होतो, त्याच्याशी तुलना करणे भाग आहे. तिथे रात्रीच्या जेवणाला कोबीचे किंवा दुधी भोपळ्याचे पातळ सूप आणि उकडलेल्या भाज्या येत. दिसायला वाडगा मोठा, पण तासाभरात पोटात खड्डा. उंदरांवरील प्रयोगांत याचे कारण स्वच्छ दिसते. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात झॅकरी नाइट यांच्या प्रयोगशाळेने २०१५ मध्ये दाखवून दिले की भुकेल्या उंदराला अन्न नुसते दिसले, त्याचा वास आला, की पहिला घास घेण्याआधीच एजीआरपी पेशी शांत होऊ लागतात. मेंदू आगाऊ विश्वास टाकतो. मात्र अन्नातून कॅलरी पोहोचल्या नाहीत तर या पेशी पुन्हा जाग्या होतात, हे नंतरच्या प्रयोगांतून दिसले. भुकेला फसवणारे जेवण फार तर थोडा वेळ फसवते. आताच्या डब्यात रात्री मुगाचे धिरडे, पिठले-भाकरी किंवा डाळ घातलेली ताकातली पालेभाजी येते. ते आकाराने लहान पण खरोखरचे जेवण असते, आणि दादांचे रात्रीचे उठणे त्यामुळे थांबले.

एकादशी आणि संकष्टीला उपवासाचा वेगळा डबा मिळतो. त्यात साबुदाण्याच्या खिचडीऐवजी भगर, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, दही आणि राजगिऱ्याची भाकरी असते. खिचडी न मिळाल्याने दादा पहिल्यांदा नाराज झाले, पण साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, आणि मधुमेहाच्या माणसाला तो जितक्या लवकर चढतो तितक्याच लवकर पुन्हा भूक लावतो. उपवास मोडायला न लावता उपवासाचे जेवण सुधारणे, हा चालक बाईंचा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटला.

दिवाळीच्या आठवड्यातला त्यांचा विचारही चांगला होता, पण त्याची अंमलबजावणी सुधारता येईल. फराळ बंद करण्याऐवजी त्यांनी रोजच्या डब्यासोबत एक चकली, मूठभर चिवडा, एक शंकरपाळ्यांची पुडी आणि एक छोटा बेसनाचा लाडू असे पाकीट दिले. अडचण प्रमाणाची नव्हती, एकत्र येण्याची होती. एकाच चवीने मेंदू लवकर कंटाळतो आणि चव बदलली की खाण्याची इच्छा पुन्हा टवटवीत होते. बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे प्रयोगांनी दाखवले, आणि लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्यानंतरही जिलबी कशी जाते हे आपण सगळेच जाणतो. खारट, तिखट, गोड असे चारी पदार्थ एकदम समोर आले की घरातला मोठा डबा उघडला जातोच. सोमवारी चकली, मंगळवारी लाडू, असे एकेक दिले असते तर सणही झाला असता आणि हातही आवरला असता.

आता ज्या गोष्टी मला खटकल्या, त्या स्पष्टपणे लिहिते.

पहिली गोष्ट वेळेची. आठवड्यातून एखाद्या दिवशी डबा दीड-पावणेदोनपर्यंत रेंगाळतो, आणि फोन केला की ‘ताई, पोरगा निघालाय’ असे उत्तर मिळते. इतर डब्यांच्या बाबतीत ही किरकोळ तक्रार ठरेल, इथे ती किरकोळ नाही. जठरातून निघणारे घ्रेलिन हे भूक जागवणारे संप्रेरक, जे जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांच्या गटाने १९९९ मध्ये शोधले, नेहमीच्या जेवणाच्या वेळेआधी रक्तात वाढते आणि जेवल्यावर उतरते. रोज साडेबाराला जेवणाऱ्याचे शरीर साडेबारासाठी तयार होऊन बसते. त्यात वजन उतरलेल्या माणसाचे घ्रेलिन आधीपेक्षा चढे असते, हे २००२ मध्येच डेव्हिड कमिंग्ज यांच्या गटाने दाखवले आहे. अशा माणसाला तासभर ताटकळत ठेवणे म्हणजे त्याला बिस्किटाच्या पुड्याकडे पाठवणे आहे. ज्यांचा व्यवसाय भुकेशी आहे त्यांनी वेळ पाळलीच पाहिजे.

दुसरी गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपच्या गटाची. नाव नोंदवले की आपल्याला एका गटात घेतले जाते आणि त्यावर रोज रात्री साडेनऊच्या पुढे दुसऱ्या दिवसाच्या पदार्थांचे रंगीत फोटो येतात. सभासदही आपापल्या ‘चीट डे’चे पावभाजीचे आणि बासुंदीचे फोटो टाकतात. हेतू उत्साह वाढवण्याचा असेल, परिणाम उलटा होतो. कोलंबिया विद्यापीठात मायकेल रोझेनबॉम आणि रुडॉल्फ लीबेल यांच्या गटाने वजन दहा टक्क्यांनी उतरलेल्या व्यक्तींना अन्नाची चित्रे दाखवून त्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले, तेव्हा त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद वजन उतरण्यापूर्वीच्या प्रतिसादाहून वेगळा आढळला, आणि लेप्टिन बाहेरून भरून दिल्यावर तो बऱ्याच अंशी पूर्वीसारखा झाला. रिकाम्या होत चाललेल्या साठ्याच्या वेळी मेंदू अन्नाच्या चित्राकडे अधिक उत्कटतेने पाहतो.

इथे डोपामिन या मेंदूतील रसायनाचाही संबंध येतो. मिशिगन विद्यापीठाचे केंट बेरिज यांनी दाखवले की ज्या उंदरांच्या मेंदूतील डोपामिन नष्ट केले आहे, ते तोंडात गोड पाणी सोडले तर ओठ चाटून पसंती दाखवतात, पण समोर ठेवलेल्या अन्नाकडे स्वतःहून जात नाहीत. चव घेण्याचा आनंद आणि उठून त्या पदार्थामागे जाण्याची ओढ या दोन गोष्टी मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी चालतात. दादांच्या बाबतीत मी हे रोज पाहिले. फोटो पाहून मागवलेली पावभाजी त्यांनी दोन घासांत बाजूला सारली आणि ‘तेवढी बरी नव्हती’ म्हणाले. मागवण्याची तडफ मात्र केवढी होती! रात्रीचे फोटो चव देत नाहीत, ते फक्त ती तडफ जागवतात. आम्ही गट म्यूट केला आणि उद्याचा बेत फक्त शब्दांत, सकाळी कळवावा अशी विनंती केली. ती वैयक्तिकरीत्या मान्य झाली, पण गटाचा रिवाज तसाच आहे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त लागली. डब्याच्या झाकणात दर सोमवारी एक चिठ्ठी असते. ‘भूक ही मनाची सवय आहे, मन जिंका’, ‘ज्याला स्वतःवर ताबा नाही त्याला आरोग्य नाही’, अशा ओळी तिच्यावर छापलेल्या असतात. वजन अडलेल्या आठवड्यात ही चिठ्ठी वाचून दादा गप्प झाले आणि त्या दिवशी अर्धा डबा त्यांनी परत पाठवला. ज्या माणसाचा मेंदू त्याला रोज कित्येकशे कॅलरींनी खाण्याकडे ढकलत आहे आणि तरीही जो बहुतांशी टिकून आहे, त्याला आणखी ताबा ठेव म्हणून सुनावणे हा अन्याय आहे. एजीआरपी पेशी जागवलेल्या असण्याची अवस्था प्राण्यांना अप्रिय वाटते आणि ते ती टाळू पाहतात, असे अमेरिकेतील जनेलिया संशोधन केंद्रात स्कॉट स्टर्नसन यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवले. भूक नुसती इच्छा नसते, ती त्रासही असते. मी चालक बाईंशी बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, ‘लोकांना आवडतात हो ताई अशी वाक्ये’ असे म्हणाल्या, आणि आमच्या डब्यातल्या चिठ्ठ्या बंद केल्या. सगळ्यांच्याच बंद व्हाव्यात असे मला मनापासून वाटते. त्यांच्याजागी ‘वजन अडले आहे का? भूक वाढली आहे का? कळवा’ एवढे छापले तरी पुरे.

कळवून उपयोग होण्यासाठी मात्र व्यवस्था हवी, आणि ती सध्या अपुरी आहे. डब्याचा आकार एकच आहे. पहिल्या महिन्यातल्या माणसालाही तोच आणि आठ-दहा किलो उतरलेल्यालाही तोच. दादांची भूक वाढली तेव्हा आम्ही स्वतः विचारून उसळ दीडपट करून घेतली आणि दुपारी चारला भाजलेले फुटाणे आणि ताक सुरू केले. उसळीचे ३० रुपये जास्त पडतात. वजन उतरण्याचा वेग त्यामुळे कमी झाला, पण उतरलेले वजन टिकून आहे, आणि माझ्या मते हाच सौदा योग्य आहे. वजन राखण्याचा वेगळा डबा या सेवेने आपणहून सुरू करावा. गिऱ्हाईक वजन उतरवून निघून जाते आणि वर्षभरात पुन्हा नाव नोंदवायला येते, हे चक्र धंद्याला सोयीचे असेल, पण या बाईंचे स्वयंपाकातले मन पाहता त्यांना ते नको असावे.

नोंदणीच्या अर्जात उंची-वजनाचा निर्देशांक (बीएमआय) २५ च्या वर असेल तरच वजन जास्त धरले आहे. भारतीयांसाठी ही मर्यादा २३ मानली जाते, आणि तिच्यामागच्या संशोधनात पुण्याचाच मोठा वाटा आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन युडकिन या दोघांचाही निर्देशांक २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी भरली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलेली त्यांची जोडीची छायाचित्रे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना आजही दाखवली जातात. याच शहरातल्या डब्याच्या अर्जात तरी हा आकडा बरोबर असावा.

जाहिरातीत ‘इंजेक्शनशिवाय’ हा शब्द ठळक छापला आहे, त्याबद्दल थोडे लिहिणे जरूर आहे. टर्झेपॅटाइड आणि सेमाग्लुटाइड ही आठवड्याला एकदा घ्यायची इंजेक्शने २०२५ मध्ये भारतात वजनासाठी उपलब्ध झाली, आणि तेव्हापासून घरोघरी त्यांचीच चर्चा आहे. ती घेणारा माणूस पळवाट काढतो, असा सूर या जाहिरातीत आहे, आणि तो चुकीचा आहे. ही औषधे मुख्यतः मेंदूतल्या याच भुकेच्या वाटांवर काम करतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,९६१ जणांच्या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के उतरले, तर औषधाविना केवळ आहार-व्यायामाचा सल्ला मिळालेल्यांचे २.४ टक्के. औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचे दोन-तृतीयांश परत आले, म्हणजे मेंदूची ओढ औषधाखाली दबलेली होती, संपलेली नव्हती. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता हे त्रास होतात, खर्च मोठा आहे आणि निर्णय डॉक्टरांचाच असायला हवा. पण ज्यांना त्याची गरज आहे त्यांना लाज वाटेल अशी जाहिरात जेवण देणाऱ्यांनी करू नये. उलट इंजेक्शन घेणाऱ्यांची भूक इतकी कमी होते की थोडक्या घासांत पुरेशी प्रथिने पोटात जाणे अवघड होते, आणि हाच डबा, भाकरी अर्धी करून, त्यांना उत्तम चालेल. आमच्या शेजारच्या एक बाई तो तसाच घेतात.

स्वच्छतेबद्दल तक्रार नाही. डबे कढत पाण्याने धुतलेले येतात, झाकणाच्या कडेला जुन्या तेलाचा वास नसतो, पालेभाजीत माती-वाळू लागल्याचे आजवर आठवत नाही. पैसे परत करण्याचा नियम मात्र कडक आहे. आदल्या रात्री आठपर्यंत कळवले नाही तर दुसऱ्या दिवसाचे पैसे बुडतात.

ज्यांना इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी डबा सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारून मात्रा बदलून घ्यावी, कारण एवढ्या कमी पिठाच्या जेवणावर साखर एकदम खाली जाऊ शकते. दादांची एक गोळी पहिल्याच आठवड्यात कमी करावी लागली. गरोदर स्त्रियांनी, वाढत्या वयाच्या मुलांनी आणि ज्यांना पूर्वी उपाशी राहण्याचा किंवा अनावर खाण्याचा आजार होऊन गेला आहे त्यांनी हा डबा परस्पर घेऊ नये.

नाव नोंदवताना दुपारची वेळ कागदावर लिहून घ्यावी, चिठ्ठ्या आणि फोटो नकोत असे सुरुवातीलाच सांगावे, आणि चार-पाच किलो उतरल्यावर उसळ वाढवून मिळेल का, हे तेव्हाच विचारून ठेवावे. महिन्याचे पैसे भरण्याआधी तीन दिवसांचा नमुना डबा मिळतो. त्यात मटकीची उसळ आणि रात्रीचे पिठले असलेला दिवस येईल असा वार मागून घ्यावा.